पाच लाख की सत्तेचाळीस लाख? ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळाचा बेळगावातून घेतलेला अनुभव

बेळगावातील आमच्या वाचनालयात संध्याकाळी पाच-सहा जण जमतात, आणि कोरोनात किती माणसे गेली हा विषय निघाला की आजही आवाज चढतात. बँकेतून निवृत्त झालेले माझे एक मित्र ठामपणे म्हणतात, “फ्लूच की वो तो, सर. देश एकशेचाळीस कोटींचा आणि गेले सव्वापाच लाख.” आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या एक ज्येष्ठ परिचारिका मात्र सत्तेचाळीस लाखांच्या खाली यायला तयार नसतात. मी शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. दोन्ही आकडे वर्तमानपत्रांत छापून आलेले, दोन्ही बोलणारी माणसे प्रामाणिक. तेव्हा मत देण्याआधी हे आकडे मुळात कसे तयार होतात ते समजून घ्यावे, या हेतूने मी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे संकेतस्थळ काही महिने नियमाने वापरले. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

ऑक्सफर्ड येथून चालणारे हे संकेतस्थळ पूर्णपणे विनामूल्य आहे. नावनोंदणी करावी लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि कोणत्याही आलेखामागचे आकडे उतरवून घेऊन आपण स्वतः पडताळून पाहू शकतो. गणिताच्या शिक्षकाला ही शेवटची सोय फार मोलाची वाटते, कारण ज्याची आकडेमोड पुन्हा करून पाहता येत नाही त्या उत्तराला मी वर्गातही कधी गुण दिले नाहीत.

कोरोनाच्या विभागात पहिला आलेख दिसतो तो ‘नोंद झालेल्या’ मृत्यूंचा. भारताची रेषा सव्वापाच लाखांच्या थोडी वर, सुमारे ५ लाख ३३ हजारांवर जाऊन थांबते. दर दहा लाख लोकसंख्येमागे पाहिले तर भारत पुष्कळ खाली आणि पेरू हा देश अगदी वर दिसतो. आमच्या बँकवाल्या मित्रांना हाच आलेख सर्वांत आवडला. परंतु पेरू वर का आहे, हे आलेखाखालचा मजकूर वाचल्याशिवाय समजत नाही. ३१ मे २०२१ रोजी त्या देशाने आपल्या नोंदी नव्याने तपासल्या आणि बळींची संख्या ६९,३४२ वरून एकदम १,८०,७६४ केली. रोग एका दिवसात वाढला नव्हता; मोजणी सुधारली होती. आपल्याकडेही जून २०२१ मध्ये बिहारने फेरतपासणी करून आपला आकडा सुमारे साडेपाच हजारांवरून साडेनऊ हजारांच्या जवळ नेला. तेव्हा या आलेखात रोगाची तीव्रता आणि मोजणाऱ्याची शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत. ‘नोंद झालेले मृत्यू म्हणजे प्रत्यक्ष झालेले मृत्यू नव्हेत’ ही सूचना संकेतस्थळ देते, पण ती बारीक अक्षरांत आहे आणि मोबाईलवर पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. ती ठळक असायला हवी होती.

या संकेतस्थळाचे खरे बळ ‘अतिरिक्त मृत्यू’ समजावून सांगण्यात आहे. ही कल्पना मला आधीपासून माहीत होती, फक्त तिला हे नाव असते हे ठाऊक नव्हते. आमच्या स्थानिक दैनिकात निधनवार्तांचे एक सदर असते. एरवी ते एका कोपऱ्यात मावते. मे २०२१ मध्ये ते खाली उतरत उतरत पानभर पसरले, आणि त्या वार्तांपैकी बहुतेकांत कोरोना हा शब्द नव्हता. ‘अल्पशा आजाराने’ असेच लिहिलेले होते. कोण कशाने गेले हे बाजूला ठेवून, एरवीच्या मे महिन्यात सदर किती जागा घेई आणि त्या वर्षी किती घेतली, एवढीच तुलना केली तरी काय घडले ते कळते. देशाच्या पातळीवर हेच करतात. मागील काही वर्षांच्या सरासरीवरून त्या काळात किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचे आणि प्रत्यक्ष झालेल्या एकूण मृत्यूंतून ते वजा करायचे. चाचणी झाली की नाही, मधुमेह होता की नाही, ‘कोरोनाने’ गेले की ‘कोरोना असताना’ गेले, हे सारे वाद या वजाबाकीत मागे पडतात. मात्र दवाखाने भरल्यामुळे इतर आजारांवर उपचार न मिळालेल्यांचे मृत्यूही त्यात येतात, हेही संकेतस्थळाने लपवलेले नाही.

पण ही वजाबाकी करण्यासाठी एकूण मृत्यूंचा महिनावार आकडा लागतो, आणि नेमका तेथेच भारत अडतो. ज्या देशांची अशी माहिती नियमित मिळते त्यांच्या यादीत भारताचे नाव शोधले तर ते सापडत नाही. भारतासाठी संकेतस्थळ ‘दि इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने प्रतिमानावरून, म्हणजे गणिती मॉडेलवरून, काढलेला अंदाज दाखवते, आणि तो एका रेषेने न दाखवता रेषेभोवती रुंद, फिकट पट्टा काढून दाखवते. खरा आकडा या पट्ट्यात कोठेतरी असावा, असा त्याचा अर्थ. आमच्या मित्रांना हा पट्टा म्हणजे अज्ञानाची कबुली वाटली. मला तो या संपूर्ण संकेतस्थळावरील सर्वांत सच्चा भाग वाटतो. परिचारिकाबाईंचे सत्तेचाळीस लाख हेदेखील अशाच पट्ट्याचा मधला बिंदू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी २०२० व २०२१ या दोन वर्षांसाठी जगात १ कोटी ४९ लाख आणि भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला, तेव्हा भारतासाठीची मर्यादा साधारण ३३ ते ६५ लाख अशी होती. वर्तमानपत्रांनी मधला आकडा छापला आणि दोन्ही टोके गाळली. त्याच दोन वर्षांसाठीची, म्हणजे २०२१ अखेरपर्यंतची, सरकारी नोंद सुमारे ४ लाख ८१ हजार होती. प्रत्यक्ष नोंदणीची माहिती उपलब्ध असताना प्रतिमान का वापरले, असा आक्षेप केंद्र सरकारने घेतला, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

मात्र नागरी नोंदणीच्या, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदींच्या, अहवालांनी पुढे काय दाखवले तेही पाहिले पाहिजे. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, आणि मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत असल्याने यातील काही वाढ कागदावरची आहे, हे मान्य. पण एका वर्षात एवढी सुधारणा होत नसते. माझ्या मते या एका आकड्यानंतर सव्वापाच लाखांवर अडून राहणे अशक्य झाले, आणि सत्तेचाळीस लाखांवरच अडून राहण्याचेही कारण उरले नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जुलै २०२१ पर्यंत सुमारे ३२ लाख म्हटले होते. मी आज वाचनालयात विचारले तर त्याच्या आसपास उत्तर देतो, आणि सोबत पट्टाही सांगतो.

या १ कोटी २ लाखांमध्ये माझे थोरले बंधू आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मे २०२१ मध्ये खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी, घरीच, ते गेले. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८२ टक्के दिसत होता. शहरात खाट मिळाली नाही. चाचणी झालीच नाही. तलाठ्यांकडे मृत्यूची नोंद वेळेत झाली आणि प्रमाणपत्र मिळाले. कन्नड आणि इंग्रजीत छापलेल्या त्या एका पानावर नाव आहे, तारीख आहे, ठिकाण आहे, पत्ता आहे, नोंदणी क्रमांक आहे. मृत्यूचे कारण नाही, आणि ते असणारही नव्हते, कारण जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे प्रमाणपत्रावर कारण उघड करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर कोरोनाबळींच्या कुटुंबांना ५० हजार रुपये मिळू लागले, परंतु त्यासाठी चाचणी किंवा रुग्णालयातील निदान आवश्यक होते. वहिनींनी ते प्रमाणपत्र देव्हाऱ्याखालच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे. अण्णा सव्वापाच लाखांत नाहीत. संकेतस्थळाच्या पहिल्या आलेखात ते दिसत नाहीत, दुसऱ्या आलेखाच्या फिकट पट्ट्यात मात्र आहेत. मी त्या पट्ट्याची बाजू का घेतो, ते वाचकांच्या लक्षात आले असेल.

तीव्रतेचा प्रश्नही याच आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो समजून घेण्यासाठी संकेतस्थळावरील मृत्युदराचे स्पष्टीकरण प्रत्येकाने एकदा शांतपणे वाचावे. चाचणीत सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले हा एक दर, आणि लागण झालेल्या सर्वांपैकी किती दगावले हा दुसरा. जुलै २०२१ अखेर भारतात सुमारे ३ कोटी १६ लाख रुग्ण आणि ४ लाख २४ हजार मृत्यू नोंदलेले होते. म्हणजे दहा हजार रुग्णांमागे सुमारे १३४ मृत्यू. पण त्याच सुमारास झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळली. त्यांत लस घेतलेलेही होते, तरी ढोबळमानाने लागण झालेल्यांची संख्या नव्वद कोटींच्या घरात धरली, तर सरकारी मृत्युसंख्येने दहा हजारांमागे पाच मृत्यू येतात आणि ३२ लाख धरले तर पस्तीस. मोसमी फ्लूसाठी हजारात एक, म्हणजे दहा हजारांमागे दहा, असा दर नेहमी सांगितला जातो. माझे मित्र ‘फ्लूच’ म्हणतात तेव्हा ते नकळत पाच आणि पस्तीस यांतील पाच निवडत असतात. मृतांची संख्या ठरल्याशिवाय रोग सौम्य होता की भीषण होता हे ठरत नाही, ही गोष्ट मी फळ्यावर लिहावी तशी त्यांना वाचनालयाच्या टेबलावर लिहून दाखवली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

आता उणिवांकडे येतो. संकेतस्थळ इंग्रजीत आहे. अनेक वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या माझ्यासारख्यालाही आलेखांखालच्या टिपा दोनदा वाचाव्या लागतात. खानापूर किंवा निपाणीच्या ग्रामीण भागात मराठी-कन्नड माध्यमात शिकलेल्या माणसाला ते जवळपास बंदच आहे. दुसरे असे की येथे देश हाच घटक आहे, जिल्हा नाही. स्वयंसेवकांनी चालवलेले ‘कोविड-१९ इंडिया’ हे संकेतस्थळ जिल्हावार आकडे देत असे आणि त्यात बेळगावही होते, पण ते ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानेही १० मार्च २०२३ नंतर आकडे गोळा करणे बंद केले. त्यानंतर ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींवर विसंबावे लागले.

जिल्ह्याचे आकडे मिळाले असते तरी आमच्या सीमाभागाचा प्रश्न सुटला नसता. मृत्यूची नोंद माणूस जेथे राहतो तेथे होत नाही, तो जेथे मरण पावतो तेथे होते. निपाणीचा रुग्ण कोल्हापूर किंवा मिरजेला नेला आणि तेथे दगावला, तर नोंद महाराष्ट्रात. महाराष्ट्रातील चंदगडचा रुग्ण बेळगावात दगावला, तर नोंद कर्नाटकात. आमचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनाने दिल्लीच्या एम्समध्ये निवर्तले. बेळगावचा एवढा मोठा माणूस, पण कायद्याच्या नियमाने अशा मृत्यूची नोंद दिल्लीची. दोन राज्यांच्या सीमेवरील कोगनोळीच्या नाक्यावर चाचणीचे कागद तपासले जात होते त्या दिवसांतही रुग्णवाहिका दोन्ही दिशांनी जात होत्या. म्हणून सीमेच्या एका बाजूचा आकडा कितीही नेटका असला, तरी येथील माणसांचे काय झाले ते तो सांगत नाही.

मोठ्या साथीचे बळी नेमके मोजणे सोपे नसते, ही एक गोष्ट मात्र या संकेतस्थळामुळे मनाला पटली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झावरचा त्यांचा लेख जरूर वाचावा. जगभरातील बळींचे अंदाज १ कोटी ७४ लाखांपासून ५ कोटी आणि त्याहूनही पुढे जातात, आणि लेखात ते सारे शेजारी शेजारी मांडले आहेत. भारतापुरते पाहिले तरी सव्वा कोटीपासून १ कोटी ८० लाखांच्या पुढेपर्यंत आकडे दिले गेले आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली, तेवढे नक्की. तेव्हा आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात मी रोज फिरायला जातो. तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे, पण त्या इन्फ्लुएन्झावर लस नव्हती, आणि शंभर वर्षांनंतरही त्याचे बळी नेमके मोजलेले नाहीत.

ज्यांना वाद घालायचा आहे, पण प्रामाणिकपणे घालायचा आहे, त्यांना मी या संकेतस्थळाची शिफारस करतो. मोबाईलऐवजी संगणकावर उघडावे, प्रत्येक आलेखाखालची टीप आधी वाचावी, आणि मधला बिंदू सांगताना दोन्ही टोकेही सांगावीत. आमच्या वाचनालयापुरते बोलायचे तर पुढचे काम संकेतस्थळाच्या बाहेरचे आहे. एप्रिल ते जून २०२१ मधील एकूण मृत्यू तालुकावार हवे आहेत, २०१८ व २०१९ च्या त्याच महिन्यांच्या आकड्यांसह. आणि त्या तक्त्यात निपाणी, चिकोडी, खानापूर यांच्या शेजारी कागल, गडहिंग्लज आणि चंदगडही हवे आहेत. दोन राज्यांकडे दोन अर्ज करावे लागतील. कन्नडमधील अर्जाचा मसुदा परिचारिकाबाईंनी घेतला आहे, मराठीतील मी लिहीत आहे, आणि बँकवाले मित्र दोन्हींची आकडेमोड तपासणार आहेत.