पाच गिअर की सहा? जुनी टर्बो घेताना गिअरबॉक्स कसा निवडावा

ऑकलंडला राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक सुबारू डब्ल्यूआरएक्स, पाच गिअरची. दुसरी मित्सुबिशीची इव्हो नाइन, तिला सहा गिअर आहेत. सहावाली घेतो ना? मजबूत असणार."

न्यूझीलंडला जपानी वापरलेल्या गाड्या भरपूर मिळतात, स्टीअरिंगही आपल्याच बाजूला, त्यामुळे तिकडे गेलेल्या आपल्या पोरांच्या डोक्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी गिअर बनवण्याच्या कामात आहे म्हणून तो मला विचारत होता. मी त्याला म्हटलं, गिअर मोजू नकोस. सुबारूत सहा गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, पाचपेक्षा दणकट आहे आणि इव्होत नेमकं उलटं आहे.

आधी सुबारू. डब्ल्यूआरएक्सच्या पाच गिअरच्या डब्याला सुबारूवाले टीवाय७५ म्हणतात. ७५ म्हणजे आतल्या दोन मुख्य शाफ्टमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. एसटीआय म्हणजे डब्ल्यूआरएक्सचीच जास्त ताकदीची आवृत्ती, तिचा सहा गिअरचा डबा टीवाय८५, म्हणजे अंतर ८५. दहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण गिअरच्या दातावर येणारा जोर त्याच्या त्रिज्येवर ठरतो. तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ वर नेला की दातावरचा भार साधारण १२ टक्क्यांनी उतरतो. शिवाय एसटीआयच्या डब्यात गिअरही रुंद आहेत, त्यामुळे फरक आणखी वाढतो.

टीवाय७५ वाईट डबा नाही. साध्या, बिनटर्बोच्या सुबारूंमध्ये तो वर्षानुवर्षं निमूट चालतो. आपल्याकडे २००४ च्या सुमारास शेव्हरोले फॉरेस्टर नावाने सुबारूची गाडी आली होती, तिचा डबा याच घराण्यातला. अडचण टर्बो लागल्यावर सुरू होते. या डब्याचं कवच मधोमध उभं चिरलेलं असतं, दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले. तिरक्या दातांचे गिअर भाराखाली एकमेकांना दूर ढकलतात. जोर फार झाला की कवच किंचित उघडतं, शाफ्ट वाकतात, दात पूर्ण रुंदीभर बसायच्या ऐवजी कडेला बसतात आणि तिथूनच तुटतात. बहुतेक वेळा पहिला जातो तो तिसरा गिअर. बेअरिंगपासून लांब, जिथे शाफ्ट जास्त लवतो तिथे तो बसलेला, आणि टर्बोचा पूर्ण दाब सर्वांत जास्त वेळ टिकतो तोही तिसऱ्यातच.

तुटलेला दात हातात घेऊन नीट बघितला तर तो कसा गेला ते कळतं. बुडाशी गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा, आणि शेवटी साखरेसारखा खरबरीत तुकडा दिसला तर तो दात महिनोन्‌महिने थोडा थोडा चिरत गेलेला असतो. सगळाच खरबरीत असेल तर एका दणक्यात गेला. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत असा दणका सहज बसतो. ५००० आरपीएमला क्लच सोडला की मागच्या चाकांच्या गाडीत टायर घसरतात आणि झटका तिथे विरतो. सुबारू किंवा इव्होत चारही टायर रस्ता धरून ठेवतात, मग तो झटका गिअरच्या दातांनीच झेलायचा.

सुबारूनेही हे ओळखलं होतं. १९९८ ची ती प्रसिद्ध २२बी, जपानसाठी जेमतेम ४०० बनवलेली, तिलाही पाचच गिअर होते. २००० साली जपानात नवी एसटीआय आली तेव्हा तिला सहा गिअरचा नवा डबा मिळाला. अमेरिकेतल्या २००४ च्या एसटीआयला ४०७ न्यूटन मीटर टॉर्क होता आणि हा डबा तो आरामात पेलायचा. २००२ ची अमेरिकन डब्ल्यूआरएक्स २९४ न्यूटन मीटरची, आणि तेवढ्यावर तिचा पाच गिअरचा डबाही टिकतो. तो ढासळतो तो लोक बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवतात तेव्हा.

एक सावधगिरी. २०१५ पासूनच्या डब्ल्यूआरएक्सलाही सहा गिअर आहेत, पण तो एसटीआयचा डबा नव्हे, जुन्या ७५ च्याच घराण्यातला आहे. वर तिचं इंजिन २००० आरपीएमलाच ३५० न्यूटन मीटर देतं. सहाव्यात हळू चालताना पाय दाबून ओढणं ही या गाडीला सगळ्यात वाईट सवय. एक गिअर खाली घेऊन मगच दाबायचं.

आता इव्हो. २००३ च्या इव्हो एटपासून जपानी जीएसआर या आवृत्तीला सहा गिअर मिळाले, पण रॅलीसाठी घेतल्या जाणाऱ्या आरएसला पाच गिअरच ठेवले. कारण सरळ आहे. इंजिन आडवं, डब्याची लांबी ठरलेली, त्यात सहा जोड्या बसवायच्या तर प्रत्येक गिअर पातळ होणार. इव्हो नाइनचं इंजिन जपानी जीएसआरमध्ये ४०० न्यूटन मीटर देतं, तेही ३००० आरपीएमला. मूळ ताकदीत सहावाला चालतो, हायवेवर तर छान वाटतो, कारण पाचवाल्यात टॉपला इंजिन सतत गुरगुरत राहतं. पण ताकद वाढवायची असेल तर पाचच. २००७ ची इव्हो टेन मॅन्युअलमध्ये पुन्हा पाच गिअरवर आली, यातच बरंच आलं.

पाचवाल्या इव्होत खटकतं ते सिंक्रोचं, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या कड्यांचं. जुन्या गाडीत तिसरा किंवा चौथा घाईने टाकला की 'खर्र' होतं. हे दात तुटण्यापेक्षा बरं, कारण डबा खोलून सिंक्रो बदलता येतात. तेलाकडे मात्र लक्ष हवं. इव्होच्या डब्याला जीएल-४ दर्जाचं गिअर तेल लागतं. सुबारूच्या डब्यातच पुढचा डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच, असतो, म्हणून तिला जीएल-५. सुबारूचं तेल इव्होत ओतलं तर पितळी सिंक्रो लवकर खराब होतात.

टोयोटा सुप्राचंही त्याने विचारलंच. ए८० टर्बोचा गेट्राग कंपनीचा सहा गिअरचा डबा या सगळ्यांत दणकट, पण त्याची किंमत ऐकून मी विषय तिथेच संपवला.

गाडी बघायला गेल्यावर काय करायचं तेही सांगितलं. इंजिन थंड असताना दुसरा गिअर टाकून बघ, अडतो का. तिसऱ्यात वेग घेऊन ॲक्सिलरेटर सोड. गिअर आपोआप बाहेर येत असेल किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल तर सरळ परत ये. न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. डब्ल्यूआरएक्स रिकाम्या जागी पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू फिरव. ती अडखळली तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी मधली व्हिस्कस कपलिंग संपत आलीय. बहुतेकदा याला चार टायर सारखे नसणं कारणीभूत असतं, म्हणून चारही टायरची झीज हाताने तपास.

आणि मालक तयार असेल तर तेल काढायला सांग. तळाच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर करड्या मलमासारखा बारीक चुरा हवाच, तो झिजेचा. चमकणाऱ्या सुया किंवा नखाएवढा तुकडा दिसला तर तो दाताचा आहे.

"मग डब्ल्यूआरएक्स घेऊन एसटीआयचा डबा बसवला तर?" त्याने विचारलं. बसतो, पण नुसता डबा बदलून भागत नाही. मागचा डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट आणि ॲक्सल बदलावे लागतात, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण जुळवावं लागतं. त्या पैशात आधीच एसटीआय घ्यावी. त्याला रोज ऑफिसला जायचंय, बूस्टला हात लावायचा नाही असं तो शपथेवर म्हणतोय, म्हणून मी डब्ल्यूआरएक्सला होकार दिला. इव्होच हवी असेल तर पाच गिअरची आरएस शोध म्हटलं. शनिवारी तो डब्ल्यूआरएक्सच्या बोल्टचा फोटो पाठवणार आहे.