ईएसआय का मेडिक्लेम?

कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला असलेला भाचा विचारत होता, "मामा, ईएसआय कापू दे का मेडिक्लेम काढू?" पगार 18,000.

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. त्याला भाच्याच्या पगारातले 0.75 टक्के, म्हणजे महिना 135 रुपये, मालकाचे 3.25 टक्के. त्यात बायकोपोरं येतात, अवलंबून असलेले आईवडीलही. मेडिक्लेमचा हप्ता वयागणिक चढतो.

खरा फरक बुडणाऱ्या रोजाचा. वितळलेलं लोखंड पायावर उडालं, घरी बसलास, तर ईएसआय पगाराच्या 90 टक्के देते. आजारपणात 70 टक्के, वर्षाला 91 दिवस. साधा मेडिक्लेम दवाखान्याचं बिल तेवढं भागवतो. दवाखाना निवडायची मोकळीक मात्र त्यातच जास्त.

पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय सोडू नकोस बाबा, तो तुझा हक्क आहे. पगार वर गेला किंवा स्वतःचं वर्कशॉप टाकलंस, तर मेडिक्लेम.