तीन डिस्कचा डबा, त्यातली एक गायब

चॅरिटी शॉपमध्ये डीव्हीडीच्या खालच्या कप्प्यात, व्यायामाच्या सीडींच्या मागे, 'लॉस्ट इन टाइम' दिसला आणि मी तीन पौंड टेकवून तो जवळजवळ पळवलाच. आत बघायचं भान राहिलं नाही. घरी येऊन उघडला तर डिस्क एक आहे, डिस्क दोन आहे, तिसरीच्या जागी नुसती प्लास्टिकची खुंटी. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या भागांचा संच, आणि त्यातलीच डिस्क हरवलेली! नवरा सोफ्यावरून म्हणाला, "अगं, ओरिजनल आहे याचा हा पुरावाच समज."

मग दुष्काळात तेरावा महिना म्हणून इंटरनेटवर आणखी एक अख्खा संच घ्यावा लागला, अकरा पौंडांना. म्हणजे एका डिस्कपायी चौदा पौंड गेले. हे परीक्षण त्या चौदा पौंडांचं आहे.

आधी हा डबा काय आहे ते सांगते. 'डॉक्टर हू' ही काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या नायकाची ब्रिटिश मालिका 23 नोव्हेंबर 1963ला बीबीसीवर सुरू झाली. 1969पर्यंतचे, म्हणजे पहिले डॉक्टर झालेले नट विल्यम हार्टनेल आणि दुसरे झालेले पॅट्रिक ट्राउटन यांचे कृष्णधवल भाग 253. त्यांतले कितीतरी बीबीसीनं स्वतःच पुसले. दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती, ती पुसून पुन्हा वापरता यायची. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे जुना कार्यक्रम वाटेल तेव्हा पुन्हा दाखवता येत नव्हता. शिवाय रंगीत टीव्ही आल्यावर काळंपांढरं कोण बघणार? परदेशी विकण्यासाठी काढलेल्या 16 मिमी फिल्मच्या प्रती तेवढ्या राहिल्या होत्या. विक्रीचे हक्क संपले की त्यांचीही विल्हेवाट लागायची. 1978च्या सुमारास हे थांबलं, तोवर बरंच गेलं होतं.

जे परत आलं ते बारा वाटांनी आलं. त्यात काही कथांचे सगळे भाग मिळाले, तर काहींचा एखादाच. सहा भागांच्या कथेतला फक्त दुसरा, किंवा फक्त तिसरा. या एकट्या पडलेल्यांना चाहते 'ऑर्फन' म्हणतात, अनाथ. 2004 साली निघालेल्या या संचात असे 18 अनाथ आहेत, 12 कथांमधले. पहिल्या डिस्कवर हार्टनेल, उरलेल्या दोन्हींवर ट्राउटन. तेव्हा यादीवर 108 भाग बेपत्ता होते.

आता माझ्याविषयी एक वाक्य, कारण त्याचा या परीक्षणाशी संबंध आहे. मी पोटासाठी सबटायटल करते. दिवसभर कानाला हेडफोन, आणि कोण काय बोललं, दार आपटलं की पेला फुटला, हे टंकत बसायचं. त्यामुळे या संचात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? ज्या भागांचं चित्रच नाही ते.

'द क्रुसेड' ही 1965ची चार भागांची कथा. पहिला आणि तिसरा भाग आहे. दुसरा आणि चौथा फक्त आवाजात. हे आवाज आपल्यापर्यंत आले ते त्या वेळच्या पोरांमुळे. घरात व्हिडिओ नव्हता, तर त्यांनी टेपरेकॉर्डर लावला. कुणी टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरून, कुणी थेट संचाला तार जोडून. त्यांच्या जिवावर आज एकूण एक बेपत्ता भागाचा आवाज शिल्लक आहे. बीबीसीनं टेप पुसली आणि कुणाच्या तरी खोलीतल्या रिळावर तो भाग सुखरूप राहिला.

तिसऱ्या भागात इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि त्याची बहीण जोअॅना यांचं भांडण आहे. तहासाठी भावानं तिचं लग्न शत्रूपक्षाच्या सुलतान सलादिनच्या भावाशी परस्पर ठरवलंय आणि ते तिला कळलंय. भूमिका ज्युलियन ग्लोव्हर आणि जीन मार्श यांच्या. कॅमेरा फारसा हलत नाही, गरजच नाही. ती आधी नुसती विचारते, मग आवाज चढतो, मग थेट पोपचं नाव घेऊन ती राजाला गप्प करते. मुलांच्या मालिकेत, शनिवारी संध्याकाळी, हे चाललं होतं! मी तो प्रसंग तीनदा मागे घेऊन पाहिला. मग चौथा भाग सुरू झाला आणि पडद्यावर काही नाही, फक्त आवाज. पण मघाच्या भांडणानं कान इतके तापलेले असतात की चित्र नाही हे थोड्या वेळानं विसरायला होतं.

चौथ्यात डॉक्टरच्या सोबत्याला, इयनला, एका लुटारूनं वाळूत हातपाय ताणून बांधलंय, मनगटांना मध फासलाय आणि मुंग्यांची वाट बघतोय. हा इब्राहिम आपल्या मुंग्यांविषयी घरच्या लेकरांसारखं लाडानं बोलतो. आता मुंग्यांना आवाज नसतो. मी सवयीनं, स्वतःपुरती, या भागाची सबटायटल टंकायला घेतली होती. तिथे येऊन हात थांबले. काय लिहू? [शांतता]? [मुंग्या]? तिथे नक्की काय दिसत होतं ते मला ठाऊक नाही, आणि तरी अंगावर काटा आलाच. शेवटी [मध] एवढंच लिहून पुढे गेले. ऑफिसात असलं काही लिहिलं असतं तर परत आलं असतं.

नवऱ्यानं अर्ध्यात डोकावून विचारलं, "चित्र गेलंय का?" म्हटलं, "हो, पन्नासेक वर्षांपूर्वीच."

त्याच डिस्कवर 'द डालेक्स मास्टर प्लॅन'चे तीन भाग आहेत: बारापैकी दुसरा, पाचवा आणि दहावा. पाचवा आणि दहावा 1983 साली लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात मिळाले. दुसरा 2004मध्ये, म्हणजे हा संच निघायच्या वर्षीच, बीबीसीच्या एका माजी इंजिनिअरनं परत केला. फेकून द्या म्हणून सांगितलेली फिल्म त्यांनी घरी नेली होती. सांगितलेलं काम न करण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्या भागात कॅटरिना आहे. ट्रॉयच्या युद्धातून थेट टार्डिसमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या कालयानात, आलेली ही मुलगी. ती मरते तो चौथा भाग. मालिकेत मेलेली डॉक्टरची पहिली सोबतीण. 2004पर्यंत एकाही पूर्ण भागात ती बघायला मिळत नव्हती. आणि इथे ती हाडामांसाची चालतेबोलते, काही कळत नसताना डॉक्टरवर देवासारखा विश्वास ठेवते. पुढे तिचं काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे एरवी किरकोळ वाटली असती अशी तिची वाक्यंही लागतात.

याच भागात निकोलस कोर्टनी आहे, पण ब्रेट व्हायन नावाच्या एजंटच्या भूमिकेत. ज्याला सगळे पुढे ब्रिगेडिअर लेथब्रिज-स्ट्यूअर्ट या भूमिकेसाठी ओळखतात तोच नट. त्या भूमिकेत तो पहिल्यांदा येतो 'द वेब ऑफ फिअर'च्या तिसऱ्या भागात. तिसऱ्या डिस्कवर त्या कथेचा फक्त पहिला भाग आहे. 2013 साली नायजेरियातल्या जोस इथे या कथेचे आणखी चार भाग मिळाले, आणि राहिला कोणता? तिसराच! नशीबसुद्धा कधी कधी पटकथा लिहायला बसतं.

या 2013मुळेच संचाची किंमत जरा उतरली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या वेळी जोसमधून नऊ भाग आले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा पुरी झाली. त्याआधी 2011मध्ये दोन भाग मिळाले होते, तेव्हा 108चे 106 झाले होते; 2013नंतर ते 97 झाले. म्हणजे या डब्यातला 'एनिमी'चा तिसरा भाग आता अनाथ राहिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर तो सहा भागांतला सगळ्यात संथ आहे. इतकी वर्षं लोकांनी अख्ख्या कथेची पारख त्या एकाच भागावरून केली आणि ती रटाळ म्हणून बाजूला ठेवली. बाकीचे पाच आल्यावर कळलं की ट्राउटननं त्यातले नायक आणि खलनायक दोन्ही काय मजेत केलेत! एका शितावरून भाताची परीक्षा दर वेळी जमते असं नाही.

'मूनबेस'चंही तसंच. दुसरा आणि चौथा भाग चित्रासकट, पहिला आणि तिसरा आवाजात. त्या दोघांचं अॅनिमेशन 2014मध्ये निघालं. मी ते पाहिलंय. वाईट नाही. पण अॅनिमेशनमधली माणसं बोलत नसताना नुसती उभी राहतात. आणि ट्राउटन बोलत नसतानाच सगळ्यात जास्त काम करतो: बोटांशी चाळा, खिशातलं काहीतरी चाचपणं, तिरका कटाक्ष. ते काढणाऱ्यानं काढायचं कुठून? त्यापेक्षा मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकेन. चौथ्या भागात चंद्रावरच्या तळाच्या घुमटाला भोक पडतं, हवा बाहेर जायला लागते, आणि शेवटी ते भोक बुजतं एका ट्रेनं. पेले ठेवायच्या ट्रेनं! चंद्रावर! आपल्याकडे कुकरच्या शिट्टीची जागा चिंचोक्यानं बुजवणाऱ्यांना हे पटेल. मला तर एकदम पटलं.

चित्राविषयी थोडं. फिल्मच्या या प्रती म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. त्यात मूळ व्हिडिओचा सेकंदाला पन्नास वेळा बदलणाऱ्या चित्राचा ओघ जातो आणि पंचवीस चौकटी उरतात. 'व्हिडफायर' नावाच्या प्रक्रियेनं तो ओघ परत आणता येतो. त्यामुळे स्टुडिओतले प्रसंग शेजारच्या खोलीत चाललेत असे दिसतात. 'क्रुसेड'चा पहिला भाग मात्र ओरखड्यांनी भरलेला आहे. ती प्रत 1999 साली न्यूझीलंडमध्ये एका फिल्म जमवणाऱ्याकडे सापडली. साफ करूनही पाऊस पडतोय असं वाटतं. मला त्याचा त्रास झाला नाही. ज्याला झगझगीत चित्र हवं त्यानं या वाटेला जाऊ नये.

तिसरी डिस्क, जिच्यापायी एवढा खटाटोप केला, तिच्यावर 'द स्पेस पायरेट्स'चा दुसरा भाग आहे. बाई गं. अवकाशयानं हळूहळू जातात, माणसं हळूहळू बोलतात, डॉक्टर आणि मंडळी एका कोपऱ्यात अडकून पडलेली. 'मार्को पोलो'चे सातच्या सात भाग गेले आणि हा राहिला. असो. त्याच डिस्कवर 'द व्हील इन स्पेस'चे दोन आहेत, ते डॉक्टरच्या नव्या सोबतिणीसाठी, झोईसाठी बघा.

सुट्या तुकड्यांचा विभाग मात्र चुकवू नका. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरनं मुलांना भीती वाटेल म्हणून काही भागांतले प्रसंग कापले. कापलेले तुकडे नियमाप्रमाणे सरकारी दप्तरात जपून ठेवले. 1996मध्ये ते तिथे सापडले, पूर्ण भाग कधीच नाहीसे झालेले असताना. म्हणजे जे बघू नये असं ठरलं तेवढंच बघायला उरलं. 'फ्युरी फ्रॉम द डीप'मधली दोन माणसं आठवतात: एक जाडा, एक काटकुळा, दोघं सभ्यपणे बाईच्या बेडरूममध्ये येतात आणि एकदम आ वासतात. तोंडातून विषारी वायू. बस्स, एवढाच तुकडा. आधी काय, नंतर काय, काही नाही. सेन्सॉरला भीती वाटली होती, मला साठीच्या दशकातला तो तुकडा दुपारी दोन वाजता बघून वाटली.

शिवाय एका ऑस्ट्रेलियन चाहत्यानं टीव्हीच्या पडद्यावर रोखून घेतलेले 8 मिमीचे मुके, थरथरते तुकडेही आहेत. आणि 'द मिसिंग इयर्स' हा माहितीपट, मालिकेतले कलाकार फ्रेझर हाइन्स आणि डेबोरा वॉटलिंग यांच्यासोबतचा. तो आधी बघितलात तर बाकीचं जास्त कळेल. मी शेवटी बघितला आणि पस्तावले.

तर घ्यावा का? मालिका पहिल्यांदाच बघणार असाल तर नको. अर्ध्यातून सुरू होऊन अर्ध्यात संपणारे अठरा भाग कुणालाही वैताग आणतील. 'एनिमी' आणि 'वेब'साठी 2013नंतरच्या स्वतंत्र डिस्क घ्या. पण पहिल्या डिस्कसाठी, जीन मार्शसाठी, कॅटरिनासाठी, आणि कान शाबूत असतील तर त्या चित्र नसलेल्या भागांसाठी, मी हा पुन्हा घेईन. पाचपैकी चार तारे. एक कापला तो 'स्पेस पायरेट्स'साठी. जुना घेताना डबा दुकानातच उघडून तिन्ही डिस्क मोजा.

पहिला अर्धवट संच मी त्याच चॅरिटी शॉपला परत दिला. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: डिस्क 3 नाही. परवा जाऊन बघितलं तर डबा विकला गेला होता, आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की घेणाऱ्यानं चिठ्ठी नीट वाचली, मग विचारलं, नुसती तिसरी डिस्क कधी आली तर फोन कराल का?