आरएक्स १०० ची ‘ओरिजिनल’ टाकी: पाणी धरते, पेट्रोल धरत नाही

जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलसाठी बाजारातून पेट्रोलची टाकी घेणार असाल आणि दुकानदार म्हणाला, "पाणी भरून दाखवतो, थेंब गळला तर पैसे परत", तर त्या पाण्यावर जाऊ नका. मलाही पाणी भरूनच दाखवलं होतं. टाकीखाली कोरडा कागद अंथरला होता, तो कोरडाच राहिला. तीच टाकी पेट्रोल भरल्यावर थोड्याच दिवसांत पाझरायला लागली, आणि तीही बरोबर स्पार्क प्लगच्या वर.

गाडी वडिलांची, १९९४ ची. कराडला शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती, त्यामुळे टाकी आतून गंजणं ठरलेलंच. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाला जाऊन बसतं. आमच्या मिस्त्रींनी टाकी उलटी करून खालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं, ते सरळ आत गेलं. "दादा, डाग मारून काही होणार नाही. डाग धरायला पत्रा तर पाहिजे." डाग म्हणजे भोकावर धातू वितळवून बसवलेलं ठिगळ.

आरएक्सचं उत्पादन १९९६ ला थांबलं. आता बाजारात जे मिळतं ते तीन प्रकारचं. एक, खरोखरचा जुना कंपनीचा माल, जो क्वचित निघतो आणि निघाला तर त्याची किंमत ऐकून माणूस गाडी विकायचा विचार करतो. दुसरा, नव्याने पत्रा दाबून केलेली कॉपी. ही बरी निघते, फक्त पत्रा कोणत्या गेजचा आहे ते बघायचं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे अनेकांना उलटं वाटतं: २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. आणि तिसरा प्रकार म्हणजे भंगारातून आलेली सडकी टाकी, भोकं बुजवून, लांबी (म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून, रंग मारून चकचकीत केलेली. सगळा धंदा या तिसऱ्याला पहिल्याच्या भावात खपवण्याचा आहे.

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्टचं मोठं मार्केट आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारे लोक आहेत, मी स्वतः त्यांच्याकडून माल घेतलेला आहे, त्यामुळे अख्ख्या बाजाराला नावं ठेवत नाही. मला भेटला तो एक दुकानदार. त्याने पोराला माळ्यावर पाठवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवलेली काळी टाकी खाली आली. "गोडाऊनमध्ये पडून होता माल. शेवटचे दोन पीस. एक काल नाशिकला गेला." कॉपीचे तीन हजार, याचे साडेआठ. खोक्यावर कंपनीचं स्टिकर होतं. पण पॅकबंद मालावर कायद्याने जे छापलेलं लागतं, म्हणजे कोणी बनवलं, कुठे, कोणत्या महिन्यात, एमआरपी किती, तक्रार कुठे करायची, त्यातलं काहीच नव्हतं. विचारलं तर उत्तर तयार: "जुन्या स्टॉकला नसायचं तेव्हा." मग पाण्याचा कार्यक्रम झाला. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचे पैसे वर पडतील म्हणाला. मी म्हटलं पडू दे. मग कॉम्प्युटर बंद निघाला, बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, आणि हातात चिठ्ठी आली. पैसे मी यूपीआयने दिले होते, हे पुढे कामाला आलं.

टाकी बसवली. कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, जुनाच, वॉशर नवा. गाडी मस्त चालली. मग सकाळी शेडचं दार उघडलं की पेट्रोलचा वास यायला लागला. खाली थेंब नाही, कॉक कोरडा, पाइप कोरडा. मिस्त्रींनी टाकीच्या खाली, मधल्या खाचेत बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. तिथला रंग भाजल्यासारखा फुगला होता, बोटाएवढा लांब फोड. दाबला की हलत होता. पेट्रोल ठिबकत नव्हतं, कारण खालून इंजिनची गरमी लागून ते वाफ होऊन जात होतं. हे ठिबकण्यापेक्षा वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते, आणि खाली प्लगची वायर.

मी फोड खरवडायला गेलो तर मिस्त्रींनी हात धरला. "खरवडू नका. आपण खरवडलं की शेठ म्हणणार तुम्हीच फोडली. आधी व्हिडिओ काढा." त्यांनी आणखी एक काम केलं, ते शेवटी सांगतो.

त्यांनाही पार्ट आणायला पुण्याला जायचं होतं, म्हणून बरोबर आले. दुकानदाराने आधी कॉक जास्त आवळला असेल म्हणून बघितलं. मग इथेनॉल. "हल्लीचं ते वीस टक्केवालं पेट्रोल, ते सगळं खातंय दादा, आम्ही तरी काय करणार?" इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या गाडीच्या रबरी वॉशरला आणि पाइपला त्रास देतं, हे खरं आहे. पण इतक्या थोड्या दिवसांत ते चांगल्या पत्र्याला भोक पाडत नाही. हेही चाललं नाही, तेव्हा त्याने हुकमी पत्ता काढला. पोराला बादली आणायला सांगितली, टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरली, स्टुलावर ठेवली, खाली कागद. "बघा. तुम्हीच बघा."

कागद कोरडा. दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण फसवणूक नेमकी या जागी आहे. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिप्पट असतो आणि पाणी पेट्रोलपेक्षा जवळपास दुप्पट घट्ट असतं. सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकात पाणी अडून बसतं, पेट्रोल निघून जातं. त्यात भोकावर लांबी आणि रंग असेल तर पाणी त्यांना काहीच करत नाही. पेट्रोल मात्र रंगाखाली शिरून लांबी मऊ करतं आणि हळूहळू वाट काढतं. म्हणजे पाण्याच्या परीक्षेत अशी टाकी दरवेळी पास होणार. हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. म्हणून तर तो स्वतःहून बादली मागवतो.

मिस्त्री म्हणाले, "शेठ, पाणी ओता आणि लिटरभर पेट्रोल घाला. पैसे मी देतो."

"दुकानात पेट्रोल? आग लागली म्हणजे?"

"आमच्या गाडीवर लागली तर चालते का?"

त्यावर तो गप्प झाला. मिस्त्रींनी बाहेर लावलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून फडक्यावर थोडं पेट्रोल घेतलं आणि फुगलेल्या जागी नुसतं दाबून धरलं. काळा रंग फडक्याबरोबर सालीसारखा निघून आला. खाली करडी लांबी, ओली, नखाने उकरली तर गोळा होऊन येणारी. तिच्याखाली पितळी डाग, एकाशेजारी एक असे तीन, आणि दोन डागांच्या मधल्या गंजक्या पत्र्यात काळा ठिपका. कंपनीतून आलेल्या नव्या टाकीला पितळी डाग कशाला असतील? हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकांपैकी एकाने विचारलं.

मग बदलून देतो म्हणाला, तो ‘शेवटचा’ दुसरा पीस. नाशिकला गेलेला बहुधा परत आला होता. या वेळी माझ्या खिशात स्पीकरमधलं लहान लोहचुंबक होतं. ते टाकीवर वरून फिरवलं तर कटकन चिकटत होतं, खालच्या खाचेत आणि मागच्या कोपऱ्यात नुसतं घसरत होतं. लांबीला चुंबक चिकटत नाही, ती जाड असली की पत्रा लांब पडतो. टाकी घेताना ही परीक्षा फुकट आहे आणि दुकानदाराला हरकत घेता येत नाही. शक्य असेल तर दुसरीही करून घ्या: सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, भोक असेल तर बुडबुडा येतो. हवा जास्त भरली तर टाकी फुगून कायमची वाया जाते. जुने वेल्डर जोडावर बाहेरून खडू घासून आत रॉकेल ओततात, गळती असेल तर खडूवर काळपट डाग उमटतो. अर्थात हे रंग मारण्याआधी, आणि दुकानदार ते करू देणार नाही.

दुसरी टाकी मी घेतली नाही. सहा हजार लगेच मिळाले, उरलेले "पुढच्या पार्टात ॲडजस्ट करू". मी घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर त्याला व्हॉट्सॲप केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) मध्ये, बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. बिलात माल परत घेण्याची मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरायची. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू नाही. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही. उरलेले अडीच हजार संध्याकाळी आले, त्याबरोबर हात जोडलेला एक इमोजी. जाण्यायेण्याचा खर्च गेला तो गेला.

वाटेत टाकी पाझरायला लागली तर अंगाचा साबण ओला न करता त्या जागी घासा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, गॅरेजपर्यंत पोचवतो. एवढंच त्याचं काम. आणि रिकामी टाकी वेल्डिंगला देऊ नका असं कुणी म्हणालं तर ऐका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी, आत वाफ राहिलेली टाकी जास्त धोक्याची, ती बॉम्बच. ज्याला हे काम येतं तो आधी धुऊन, उघडी ठेवून, पाणी भरून मगच ज्वाला जवळ नेतो. मी शेवटी आमची जुनीच टाकी अशा एका कारागिराकडून खालचा सगळा सडका पत्रा कापून नवा लावून घेतली.

ती काळी टाकी दुकानदाराने ठेवून घेतली. तिला आमच्यासमोर भोक पाड म्हटलं तर तयार झाला नाही. पुन्हा लांबी, पुन्हा रंग होणार. मिस्त्रींनी मात्र पुण्याला नेण्याआधी, तो टाकी आमची नाहीच म्हणेल या भीतीने, तिच्यावर खूण केली होती: खालच्या बाजूला, मागच्या रबराजवळ, पंचने मारलेले दोन ठिपके, अगदी शेजारीशेजारी. लांबीखाली गेले नसतील तर बोटाला लागतात. पुणे भागात कुणाला काळी ‘कंपनीची’ टाकी दाखवली तर तिथं बोट फिरवून बघा.