आर्क्टिक एमएक्स-४: पेस्ट चांगली, पण आधी जुनी नीट पुसा

गेम सुरू केला की प्रोसेसर ९० अंशांवर आणि पंखा नुसता बोंबलतोय, म्हणून एमएक्स-४ घेतली, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट. खरा वेळ जुन्या पेस्टचा थर काढण्यातच गेला. वाळून त्याची खपली झाली होती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टर वापरा, टिश्यूचे तंतू मागे राहतात. एएमडीचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट उपटून येऊ शकतो. मशीन थोडं चालवून गरम करा, मग अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

या पेस्टमध्ये धातू नाही, वीज वाहत नाही. कडेला थोडी आली तरी जीव घाबरा होत नाही. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका, वर हीटसिंक, आणि स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पसरवत बसू नका.

आता त्याच गेममध्ये ७५ च्या आसपास. अर्थात पंख्यातला धुळीचा बोळाही तेव्हाच काढला, त्यामुळे सगळं श्रेय पेस्टचं नाही. आणखी चार अंशांसाठी लिक्विड मेटलचा (पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू) नाद मी करणार नाही: ते वीज वाहतं, वर अ‍ॅल्युमिनियम खातं. ट्यूब उरली आहे, टोपण घट्ट लावून ठेवलीय.