एलएम ३८६ आयसी: घरगुती हॅम रिसीव्हरच्या आवाजासाठी वापरून पाहिल्यानंतर

कळव्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात मी ४० मीटर पट्ट्याचा, म्हणजे भारतात हौशी रेडिओसाठी असलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा, एक रिसीव्हर बांधून पूर्ण केला. हैदराबादचे अश्हर फरहान यांच्या बिटएक्स या आराखड्याने घरी सेट बांधण्याची गोडी आपल्याकडील अनेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींना लावली, आणि मीही त्यांतलाच एक आहे. ऑसिलेटर, फिल्टर, मिक्सर हे रिसीव्हरचे आतले भाग सारे फारसा त्रास न देता चालू झाले. सर्वांत सोपा म्हणून शेवटी ठेवलेला भाग, म्हणजे स्पीकरला आवाज देणारा छोटा बोर्ड, मात्र मला तीन वेळा बनवावा लागला. तिन्ही वेळा आयसी एकाच प्रकारची होती, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २० रुपयांना घेतलेली एलएम ३८६, म्हणजे आवाज मोठा करणारी छोटी चिप. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

ही आयसी नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीची. २०११ मध्ये ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली आणि आयसी आजही सहज मिळते. आठ पाय, बाहेर लागणारे भाग मोजके, आणि आवाज नसताना विजेचा खप सुमारे ४ मिलिअँपिअर, त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या सेटसाठी ती सोयीची आहे. पाय १ आणि ८ मोकळे सोडले की आवाजाची वाढ २० पट होते आणि त्या दोन पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ती २०० पट होते. नव्याने बांधणारा बहुतेक प्रत्येक जण २०० पटीचा मोह धरतो, कारण त्यामुळे आधीची एक पायरी वाचते असे वाटते. मीही तेच केले आणि शिवाय आधी बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा एक प्रीअँप्लिफायर, म्हणजे सिग्नल आधीच थोडा मोठा करणारी पायरी, हाही ठेवला.

पहिला बोर्ड चालू केला तेव्हा आवाज कमी ठेवला असता बोलणे ऐकू येत होते, पण व्हॉल्यूम अर्ध्यापुढे नेताच जुन्या डिझेल होडीच्या इंजिनासारखी फटफट सुरू झाली. या दोषाला आमच्या मंडळीत मोटरबोटिंग म्हणतात. मी आयसी बदलली, मग दुसरी बदलली, आणि शेवटी बोर्ड पिशवीत घालून ट्रान्स हार्बरच्या गाडीने नेरुळला एका ज्येष्ठ हॅमकडे गेलो, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. "काका, या आयसी नकली असतील का हो?" असे मी विचारले. त्यांनी बोर्ड उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आयसीला राहू दे रे. स्पीकरची काळी वायर परत कुठून जाते, ते आधी मला दाखव."

ती वायर ज्या पट्टीवरून परत जात होती, त्याच पट्टीवर प्रीअँप्लिफायरचे ग्राउंड, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाकडे परतीची वाट, होते, आणि सगळा घोळ तिथेच होता. पट्टी १ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ५ सेंटिमीटर लांब होती. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात अशा पट्टीचा रोध साधारण २५ मिलिओहम भरतो. ऐकायला हा आकडा नगण्य वाटतो, परंतु जोरात आवाज येतो तेव्हा स्पीकरमधून ०.३ अँपिअरपर्यंत प्रवाह सहज जातो आणि त्या पट्टीच्या दोन टोकांत ७ ते ८ मिलिव्होल्टचा फरक उभा राहतो. प्रीअँप्लिफायरकडे येणारा मूळ सिग्नलच जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा होता. म्हणजे स्पीकरचा स्वतःचाच आवाज, मूळ आवाजापेक्षा मोठा होऊन, पुन्हा आत शिरत होता आणि पुढे तो शेकडो पटींनी वाढत होता. हा हिशेब काकांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला, तेव्हापासून मी कोणताही ध्वनी बोर्ड आधी ग्राउंडच्या वाटा आखून मगच बाकीचा काढतो.

दुसऱ्या बोर्डाचा आराखडा बरोबर होता, पण छपाईत फसला. टोनर ट्रान्सफर पद्धतीत लेझर प्रिंट गुळगुळीत कागदावर काढून तो तांब्यावर पालथा ठेवतात आणि वरून इस्त्री फिरवतात, त्यामुळे कागदावरची अक्षरे उलटी दिसणे हेच योग्य असते. माझे नेहमीचे दुकान त्या दिवशी बंद होते. ठाणे स्टेशनजवळच्या दुसऱ्या एका दुकानातील मुलाने अक्षरे उलटी दिसली म्हणून, मदत करण्याच्या हेतूनेच, पान आरशातल्यासारखे फिरवून छापले. बोर्ड खोदून, भोके पाडून झाल्यावर मला कळले की पाय १ च्या जागी पाय ८ आला आहे. दोष माझाही होता, कारण आयसीच्या खुणेशी कागद ताडून पाहायला हवा होता. आता मी बोर्डाच्या कोपऱ्यात माझ्या नावाचे आद्याक्षर तांब्याच्या बाजूला ठेवतो. कागदावर ते उलटे दिसले तरच इस्त्री तापवतो.

तिसऱ्या बोर्डावर मी आयसीच्या दोष-गुणांचा नीट विचार केला. पाय १ आणि ८ मोकळे ठेवून वाढ २० पटच घेतली आणि उरलेली वाढ बीसी ५४७ कडून घेतली, कारण २०० पटीवर या आयसीची स्वतःची सुरसुर हेडफोनमध्ये इतकी ऐकू येते की कमजोर स्टेशन तिच्याखाली बुडते. पाय ७ ला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडशी जोडला. अनेक प्रचलित आकृत्यांत तो गाळलेला असतो, पण उत्पादकाच्या माहितीपत्रकातील पुरवठ्याची गुरगुर ५० डेसिबलने दाबण्याचा आकडा हा कपॅसिटर धरूनच दिलेला आहे. प्रीअँप्लिफायरला वीज १०० ओहमच्या रेझिस्टरमधून आणि १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरून दिली, म्हणजे मोठ्या आवाजाच्या वेळी पुरवठा खाली-वर झाला तरी ते हेलकावे आधीच्या पायरीत पोहोचत नाहीत. स्पीकरच्या बाजूला १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरडची जोडी ठेवणे मी तरी अनिवार्य मानतो. ती नसेल तर कानाला ऐकू न येणारे उच्च कंपन सुरू होऊन आयसी विनाकारण तापू शकते.

सिग्नल आत येण्याच्या बाजूला १ किलोओहम आणि १ नॅनोफॅरडचा छोटा फिल्टर लावला, कारण पहिल्या बोर्डात व्हॉल्यूमच्या लांब वायरीने मुंबईच्या मध्यम लहरी केंद्राचा कार्यक्रम पकडला होता आणि सात मेगाहर्ट्झवरील बोलण्याच्या मागे गाणी वाजत होती. त्याच वाटेवर ०.१ मायक्रोफॅरडऐवजी १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला. सिग्नल येण्याच्या बाजूला आयसीचा रोध ५० किलोओहम आहे, त्यामुळे साधारण ३२० हर्ट्झच्या खालचे स्वर उतरू लागतात. बोलण्यासाठी ३०० हर्ट्झच्या वरचे पुरेसे असते, आणि घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुरगुर आपोआप बरीच कमी होते. संगीतासाठी हा बदल कोणी करू नये, पण हॅमसाठी तो फुकटात मिळालेला फायदा आहे.

या आयसीविषयीची माझी एक गंभीर तक्रार पुरवठ्याच्या व्होल्टेजची आहे. हॅम मंडळींच्या टेबलावरचा पुरवठा १३.८ व्होल्टचा असतो, आणि एन-१ व एन-३ या प्रकारांची शिफारस केलेली वरची मर्यादा १२ व्होल्टच आहे. एन-४ तेवढी १८ व्होल्टपर्यंत जाते. दुकानात पुष्कळदा शेवटचा आकडा कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. शिवाय १२ व्होल्ट आणि ८ ओहमच्या स्पीकरवर आयसीच्या आत जास्तीत जास्त सुमारे ०.९ वॅट उष्णता तयार होऊ शकते, आणि मे महिन्यात बंद डब्यात हा आकडा तिच्या सहनशक्तीच्या अगदी जवळ जातो. म्हणून मी ७८०९ रेग्युलेटर लावून ९ व्होल्ट दिले; त्यामुळे ती उष्णता साधारण अर्ध्या वॅटवर आली आणि घरातील खोलीसाठी आवाज तरीही भरपूर राहिला.

तिसरा बोर्ड आता चार महिने चालू आहे. ग्राउंडसाठी तांब्याचा मोठा पत्रा तसाच ठेवल्यामुळे नको असलेले तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइडही कमी लागले, आणि ते द्रावण मी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच वापरतो, बेसिनमध्ये कधीही ओतत नाही. रात्री आमच्या इमारतीतील एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांचा खरखराट स्पष्ट ऐकू येतो. तो बोर्डाचा दोष नाही. अँटेना काढली की तो नाहीसा होतो, आणि मागे शांतता उरते. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावल्यास उरलेली सुरसुरही ऐकू येईनाशी होते.

पाचपैकी मी या आयसीला चार गुण देईन. एक गुण २०० पटीवरील सुरसुरीसाठी कापला आहे. टेबलावर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या रिसीव्हरसाठी ती खुशाल घ्यावी, जमल्यास एन-४ मागून घ्यावी आणि एकाऐवजी तीन घ्याव्यात. गाडीत, इंजिनाच्या आवाजावर ऐकायचे असेल तर मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी टीडीए २००३ ही जास्त ताकदीची आयसी आणि तिला साजेसा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, घ्यावा, आणि तिथे प्रवाह कितीतरी जास्त असल्याने स्पीकरची परतीची वायर थेट पुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाशीच जोडावी.