चष्म्याच्या डबीतलं मायक्रोफायबर कापड: उत्तम, पण धुळीच्या काचेवर नको

चष्म्यासोबत मिळणारं हे कापड बोटांचे तेलकट ठसे झकास उचलतं. शर्टाच्या टोकापेक्षा कितीतरी बरं. पण धूळ बसलेल्या काचेवर ते कोरडंच फिरवलं, की धुळीतले कण कोटिंगवर बारीक चरे पाडतात. यात दोष कापडाचा नाही. आधी काच नळाखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना हलकेच चोळा, धुवा, मगच कापडाने टिपा. कढत पाणी अजिबात नको, कोटिंगला तडे जातात. धातूच्या फ्रेमला नोजपॅडमागे हिरवट मळ साचतो, तो जुन्या मऊ टूथब्रशने निघतो. ब्रश काचेला मात्र लावू नका. कापड आठवड्याला साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळाच, त्याचा थर काचेवर उतरून धुरकट डाग पडतात.